मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

"ताई, मी ह्याला मारत नाही हो!" काउंटरवर मिसळणाचा डबा आदळत मानसी म्हणाली. मागे तिचा नवरा तेजस मान खाली घालून उभा.

दोघंही पुण्याचे, आयटीतले. मी फार्मासिस्ट, मूळची निपाणीची, म्हणून मराठीत बोलायला ते बंगळूरमधल्या जयनगरच्या माझ्या मेडिकलमध्येच येतात. तेजसच्या दंडांवर निळे-काळे डाग होते. कुठे आपटलो, त्याला आठवेना. शेजारच्या अक्का, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, मानसीला लिफ्टमध्ये कानडी वळणाने म्हणाल्या होत्या, "नवऱ्याला स्वल्प जपून गं!" पुण्याबाहेरचा तिचा पहिला गणपती, आणि सोसायटीतलं मोदकांचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं चाललेलं. बिचारी रडकुंडीला आली होती.

मी डबा उघडला. वाट्यांत गोळ्याच गोळ्या.

"हे काय रे?"

"माझा सप्लिमेंट स्टॅक. मोहरीच्या वाटीत फिश ऑइल, जिऱ्याच्या वाटीत लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या वाटीत हळदीच्या."

"वा! एक तरी वाटी बरोबर आहे. आणि ही मधली?"

"आयबुप्रोफेन. बॅडमिंटनमुळे गुडघा दुखतो ना, डॉक्टरांनी दिलीय, रोज घेतो."

"डॉक्टरांना बाकीचं सांगितलंस?"

"ते नॅचरल आहे, ताई. सांगायचं काय त्यात?"

माझं डोकंच फिरलं. "धोत्राही नॅचरलच असतो. खातोस?"

आयबुप्रोफेन म्हणजे दुखणं आणि सूज कमी करणारी गोळी. तिने रक्त गोठणं थोडं मंदावतं, पोटालाही त्रास होऊ शकतो. फिश ऑइल, लसूण, हळद यांचे मोठे डोस त्यात भर घालू शकतात. मग टेबलाचा कोपरा लागला तरी कातडीखाली रक्त साकळतं. आमटीतल्या चिमूटभर हळदीचं हे नाही, कॅप्सूलमधला डोस भरपूर असतो.

"शौचाला काळी होते का?" मी विचारलं, कारण आत रक्तस्राव असेल तर तशी होते.

तेजस लाजला. मानसी म्हणाली, "नाही. मी रोज विचारते."

डब्यासकट दोघांना डॉक्टरांकडे पिटाळलं. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, हुश्श! डॉक्टरांनी चारही वाट्या रिकाम्या करायला लावल्या. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही त्यांनी सांगितलं तेवढंच. "सर्दीच्या गोळीतही तेच असतं बरं का, डबल करू नकोस," मी बजावलं.

डाग गेले. गणपतीत मानसी मोदक घेऊन आली, पण तोंड एवढंसं.

"काय गं? काम मिळालं ना?"

"मिळालं. अक्कांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाल्या, 'शाब्बास! सुधारलीस हो!'"

कुठल्या गोळीबरोबर काय चालतं, ते विचारा, मी सांगेन. अक्कांवर माझ्याकडे औषध नाही.