टॉवेल दिसला नाही तर

कंडक्टरबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मेलेलो होतो. निदान त्यांच्या मते. गावात राहायला येऊन मला एकच दिवस झाला होता. सकाळी साडेआठला माझ्या खिडकीतून अडीच मण वजनाची बाई आत उतरली, पृथ्वी हलली, आणि तिनं माझ्या नाकाशी आरसा धरला. मग बाहेर थांबलेल्या दूधवाल्याला सांगितलं, "वाफ आहे. जिवंत आहे, नुसता आळशी आहे."

तीस वर्षं बसमध्ये उतारू मोजलेल्या या बाईंना निवृत्तीनंतर मोजायला काहीच उरलं नाही. म्हणून त्यांनी गावातले एकटे राहणारे म्हातारे मोजायला घेतले. भरले बावीस. नियम एकच : आठच्या आत कुंपणावर टॉवेल टाकायचा. नाही दिसला तर दूधवाला बाईंना सांगणार आणि बाई घरात घुसणार. मी पन्नाशीचा. तक्रार केली तर म्हणाल्या, "एकटे आहात ना? मग गप राखीव जागेवर बसा."

ओढ्यापलीकडचे मास्तर एक्याऐंशीचे. एका रविवारी त्यांचा मुलगा शहरातून त्यांना कायमचं न्यायला आला.

"बाबा, उद्या पडलात तर कळणार कुणाला?"

"अर्ध्या तासात कळेल."

"बघूच. उद्या टॉवेल टाकायचा नाही. नऊपर्यंत कुणी आलं तर राहा. नाहीतर बॅग भरायची."

मला पंच म्हणून बसवलं, मोबाइल काढून घेऊन. सव्वाआठला दूधवाला आला, कुंपणाकडे बघून शीळ घालत निघून गेला. नऊ वाजले. साडेनऊ. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना नापास केलं होतं. स्वतः नापास झाल्यावर कसं बसायचं हे त्यांना माहीत नव्हतं. उठून ते चष्म्याचं घर शोधू लागले.

बॅग गाडीत गेली. मास्तर दाराला कुलूप लावत होते, तेवढ्यात फाटकात कंडक्टरबाई.

"कुठे निघाली स्वारी?"

"टॉवेल नव्हता," मुलगा म्हणाला. "कुणी फिरकलं नाही."

"का फिरकावं? धडधाकट मुलगा घरात असताना? काल सव्वापाचला आलात. मागचा दिवा फुटलाय तुमच्या गाडीचा. सकाळी तीनदा शिंकलात, दूधवाल्यानं रस्त्यावरून ऐकलं. हे आलं घ्या, चहात टाका." मग आवाज जरा खाली आणून, "आणि काल दुकानातून पोट साफ व्हायचं चूर्ण नेलंत. झालं का?"

मुलाचे कान लाल झाले. "हे... सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना कशाला? ओढ्याअलीकडच्यांनाच."

तोवर मास्तरांनी कुलूप काढलं होतं, आणि बॅग स्वतःच उचलून आत नेली होती. मुलगा दुपारी एकटाच परतला, आल्याचा चहा पिऊन.

मास्तर अजून इथेच आहेत, पंच्याऐंशीचे. कंडक्टरबाईंचे मात्र गेल्या वर्षी गुडघे गेले, आणि त्या शहरात लेकीकडे राहायला गेल्या. तिसरा मजला आहे. लिफ्ट आहे. टॉवेल टाकायला कुंपण तेवढं नाही.