काटेवहिनी

फरशीच्या गोदामात मी चलनं लिहायचो. कुठल्या गाडीत किती पॅलेट, म्हणजे लाकडी पाटावर रचलेले फरशीचे गठ्ठे, कुठे जायचे, एकूण वजन किती, हे सगळं माझ्या हातचं. वजनाच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र मॅनेजर सांगायचा, आणि मी मान खाली घालून लिहायचो. हे आधीच कबूल केलेलं बरं.

वहिनी आमच्याकडे आली ती तिच्या दिरामुळे. दीर छोटा टेम्पो चालवायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मग अख्खं गोदाम वहिनी म्हणायला लागलं. मॅनेजरसुद्धा, जो तिच्यापेक्षा वयाने मोठा होता. नवरा शिंपी, घरातच मशीन. ही चाळिशीला टेकलेली, बुटकी, आवाज खणखणीत. सीटवर जाड उशी ठेवून सोळा टनी ट्रक चालवायची. हेवी लायसन्स चौथ्या खेपेला मिळालं होतं. पहिल्या तीन वेळा परीक्षा घेणारा साहेब म्हणाला होता, "बाई, घरी जा." तिसऱ्या वेळी ती त्याला म्हणाली, "घरी जातेच आहे. पण पुढच्या महिन्यात येते, तारीख लिहून ठेवा."

फरशीचा माल फसवा असतो. कापसाने गाडी भरली तर डोळ्यांना दिसते. फरशीचे दहा पॅलेट ठेवले तरी कमरेएवढेच येतात आणि वर सगळी पोकळी. बघणाऱ्याला वाटतं, गाडी रिकामीच चाललीय. पण एका पॅलेटमध्ये अकराशे किलोंच्या वर माल. रिकामी गाडीच साडेसहा टनांची, आणि मालासकट सोळा टनांच्या वर जायचं नाही, म्हणजे आठ पॅलेट झाले की हिशेब संपला. आमच्याकडून दहा जायचे, आणि चलनावर वजन आठाचं.

वहिनीला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. त्या सकाळी ती दहा पॅलेट घेऊन निघाली. शाळेसमोरच्या उतारावर तिने ब्रेक दाबला, तर गाडी थांबेना. थांबली, पण पाच-सात हात पुढे जाऊन, आणि केबिनमध्ये जळका वास. रस्ता ओलांडणारी दोन पोरं मागे पळाली. वहिनीने कपाळाचा घाम पुसला आणि माल पोचवायला न जाता गाडी सरळ वजनकाट्यावर घातली. काट्याने दाखवलं, सतरा टन नऊशे. ती चिठ्ठी घेऊन ती परत आली आणि गाडी गोदामाच्या दारातच उभी केली, अशी की आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही.

"दोन पॅलेट उतरवा," ती म्हणाली.

मॅनेजर धावत आला. "वहिनी, अहो, निम्मी गाडी रिकामी दिसतेय!"

"तुम्हाला दिसतेय. काट्याला दिसत नाही."

"इतकी वर्षं सगळे नेतात. कुणाचं काय बिघडलं?"

"माझं आज बिघडलं असतं. साहेब, गाडी तुमची आहे, पण लायसन्स माझं आहे. कुणाला काही झालं तर गाडीला तुरुंगात नेत नाहीत."

मग ती माझ्या टेबलाशी आली. चलन पुढे धरलं. "भाऊ, हे वजन तुम्ही मोजलंत?"

मी मॅनेजरकडे पाहिलं.

"तुमच्या पेनाला वजन नाही, म्हणून काहीही लिहिता," ती म्हणाली आणि वळली. माझ्या कानशिलात कुणी दिली असती तर बरं झालं असतं.

मॅनेजरही हट्टी. त्याने दिराला हाक मारली. "तू ने रे. पूल ओलांडला की गिऱ्हाइकाचं ठिकाण आलंच. किल्ली तुझ्या वहिनीकडून घे."

दिराकडे लायसन्स हलक्या गाडीचं, साडेसात टनांपर्यंतचं. त्याला ते ठाऊक होतं, मॅनेजरलाही होतं. पण मोठी गाडी चालवायची हौस पोटात होतीच. त्याने हात पुढे केला. वहिनीने निमूट किल्ली दिली. आम्हाला वाटलं, नमली.

तो चढला. तीही दुसऱ्या बाजूने चढली आणि शेजारी बसली. दार उघडंच ठेवलं, त्यामुळे सगळ्या गोदामाने ऐकलं.

"चल. आधी काट्यावर घे. काट्यावरच्या माणसाला तुझं लायसन्स दाखवू, मग पुलावर जाऊ."

"वहिनी, तू उतर ना."

"नाही उतरणार. तुला काही झालं तर सासूबाईंना तोंड मीच दाखवायचं. त्यापेक्षा दोघं मिळून जाऊ. लायसन्स काढ. मागे काय लिहिलंय ते मोठ्याने वाच."

त्याने काढलं. वाचलं नाही. कान लाल झाले. किल्ली डॅशबोर्डवर ठेवून खाली उतरला आणि कुणाकडे न बघता आपल्या टेम्पोकडे गेला. दोन महिने तो घरात तिच्याशी बोलला नाही. मीठ हवं असलं तरी आईला सांगायचा, "तिला सांग मीठ दे म्हणावं." म्हातारी म्हणे, "ती तुझ्या पुढ्यात बसलीय, बहिरी नाही."

मॅनेजरने दुसऱ्या ड्रायव्हरकडून गाडी दारातून हलवली आणि वहिनीला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

"लेखी द्या," वहिनी म्हणाली. "जादा वजन न्यायला नकार दिला म्हणून काढलं, असं लिहा आणि खाली सही करा. मी लगेच जाते."

असं कोण लिहून देणार? त्याने दिलं नाही, आणि ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, हजेरीवर सही केली आणि डबा घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसली. तिसऱ्या दिवशीही. काही ड्रायव्हर हसले. कुणीतरी काटेवहिनी म्हणालं, ते नाव चिकटलं. ती म्हणाली, "असू दे. वजनाचाही काटा असतो आणि पायात रुततो तोही काटाच."

पाचव्या दिवशी आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याने उभ्या जन्मात मॅनेजरला उलट उत्तर दिलं नव्हतं, माल भरून झाल्यावर माझ्याकडे आला. "चलनावर काट्यावर भरेल तेच वजन लिही. त्याशिवाय फाटक सोडत नाही." बाकाकडे त्याने पाहिलंही नाही. त्याच्यामागे दुसरा आला. दुपारपर्यंत चार गाड्या रांगेत, आणि गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून मॅनेजरचा कान तापला.

त्या दिवशी मॅनेजर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "जुनंच वजन लिही, मी बघतो पुढचं." मी पेनाचं टोपण लावलं. "साहेब, तुम्हीच लिहा. अक्षर तुमचं असू दे."

संध्याकाळी सगळ्या गाड्यांवरून दोन-दोन पॅलेट उतरले.

मॅनेजरने मनात मात्र धरलं. वहिनीला परत घेतलं, पण सगळ्यात खटारा गाडी दिली, जिची खिडकीची काच वर होत नव्हती. तिने काचेच्या जागी पुठ्ठा बसवला. दिराने पुढे हेवी लायसन्सचा अर्ज भरला, तो नेमका तिलाच तपासायला दिला, तेव्हा त्यांचं बोलणं सुरू झालं.

आणि एकदा मॅनेजरने मुद्दाम तिच्या गाडीत सातच पॅलेट चढवले. सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, आज एक कमीच टाकलाय. रस्त्याला दुखू नये म्हणून."

वहिनीने चलन वाचलं, परत माझ्या टेबलावर ठेवलं.

"आठवा टाका," ती म्हणाली. "माझ्या गाडीत आठ बसतात. सातावर मी निघणार नाही."