वांपीराचं पोर

मोराव्हा नदीकाठच्या गावात स्तामेनाचा नवरा निन्को तापानं गेला. त्याच्या मागं दुसरी सुगी आली, तेव्हा विधवा स्तामेनाचं पोट दिसू लागलं. गाव दारात जमलं.

मूल कुंपणापलीकडच्या झिवानचं होतं. बायकोमुलांचा धनी तो. टोपी चुरगाळत गर्दीतच उभा होता.

"बोल की गं! दातखीळ बसली का?"

स्तामेनानं तोंड उघडायच्या आत तिची सासू पेत्रिया पुढं आली. "तिला काय विचारता? माझा निन्कोच येतो तिच्याकडं. वांपीर झालाय तो."

लोकांनी भराभर छातीवर क्रूस काढले. पाद्रीबाबा तेवढे कुरकुरले, "हा शब्द पोथीत कुठंच नाही, पेत्रिया. अर्थ तरी काय त्याचा?"

"पोथीचं तुम्ही बघा, बाबा. मला सासूनं सांगितला, तिला तिच्या सासूनं. मेला पण गेला नाही, तो वांपीर."

घराची अब्रू वाचली. गावानं निन्कोला मात्र उकरून काढून, तो पुन्हा उठू नये म्हणून त्याच्या छातीत काटेरी झाडाच्या लाकडाचा खुंटा ठोकला. पेत्रियानं सुनेचं मनगट गच्च धरलं. "आता जन्मभर हेच सांगायचं. नाहीतर माझं पोर दुसऱ्यांदा मेलं ते फुकट!"

मुलगा झाला. नाव ग्वोझ्देन, पण सगळे वांपीराचं पोरच म्हणत. अशा पोराला वांपीर दिसतो, ही तिथली समजूत. मिसरूड फुटायच्या आत त्याला गावोगावची बोलावणी सुरू झाली. तो वांपीराचं थडगं दाखवी, लोक त्याला दारू पाजत आणि आपली मुलं त्याच्यापासून लांब बसवत. मुलगी कुणी देईना. स्तामेना पाहत राहायची.

पुढं झिवान वारला, आणि लगेच गावातल्या मेंढ्या मरू लागल्या. तोही वांपीर झाला, असं गाव म्हणू लागलं. ग्वोझ्देनला घेऊन लोक दफनभूमीत गेल्याचं कळताच स्तामेना धावत सुटली. झिवानचं थडगं उघडलं होतं. खुंटा टेकवून ग्वोझ्देननं मोगरी उचलली होती.

"थांब रे!"

"का, आई?"

सगळे वळून बघू लागले. झिवानची म्हातारी बायकोसुद्धा, रडून डोळे सुजलेली. स्तामेनाच्या ओठांपर्यंत आलेलं मागं फिरलं.

"गार वारं सुटलंय," ती म्हणाली. "अंगावर काही घे."

कुणीतरी हसलं. ग्वोझ्देननं मोगरी हाणली.

घरी आल्यावर तो मक्याची भाकरी कुस्करत बसला. "आई, मला आजवर काहीच दिसलं नाही गं. लोकांची नजर ज्या थडग्याकडं वळते, तेच मी दाखवतो. आता नाही म्हटलं तर मलाच गाडतील." मग त्यानं विचारलं, "तू तिथं काय सांगायला आली होतीस?"

"जेव आधी. सांगेन कधीतरी."

सकाळी दुसऱ्या गावाची बैलगाडी दारात उभी राहिली. स्तामेनानं त्याला भाकरी बांधून दिली, आणि गाडीवान ऐकत होता म्हणून नुसतंच म्हणाली, "नीट जा."