बाईंचा टीव्ही

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — ते जड राहिलेलंच बरं.

गरिबी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर तिच्याआड लपायला नको. आबा, माझे वडील, नागापूरच्या कारखान्यात भट्टीवर होते. बनियनला ठिणग्यांची भोकं, छातीवर तसेच डाग. शेवटी भट्टीनं त्यांची नजर नेली, आणि घर आक्काच्या पगारावर आलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जामखेडकडच्या शाळेत शिक्षिका. नोकरी करत बाहेरून बी.ए. झालेली. मी रीतसर कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झालेला, घरातला पहिला — काय तो तोरा.

पुण्याच्या कोर्सची जाहिरात पेपरात तिनंच वाचली. मल्टिमीडिया आणि शैक्षणिक संगणन. पदवीनंतर दोन वर्षं, वरची पदवी. कंप्युटर तिनं पाहिलाही नव्हता. पण जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर तिनं वालाचं बी काढलं होतं, प्रत्येक पानावर जरा जरा वाढलेलं. अंगठ्यानं पानं भरभर सोडली की बी फुटायचं, मान वर काढायचं. वर्गातली पोरं त्याला ‘बाईंचा टीव्ही’ म्हणायची.

“आधी मी जाते,” ती म्हणाली. “तवर तू आबांच्या जागी लाग. मंग तुझी पाळी. भट्टी काय खाती व्हय तुला?”

खातेच की. आबा समोरच बसले होते ना — ताटातली भाकरी चाचपत.

चौकशीला पुण्याला मी गेलो. चपला बाहेर काढून कंप्युटरच्या थंडगार खोलीत शिरलो. तिथले सर म्हणाले, आम्हाला शिकवणारी माणसं आधी हवीत, कंप्युटर आम्ही शिकवू. इतकं सरळ. घरी येईपर्यंत मी ते उलटं करून टाकलं होतं.

“शिक्षक नकोत म्हणाले. सायन्सवालेच घेतात.”

तिनं वालाची पानं गोळा केली. मग पानांचा गठ्ठा माझ्या पिशवीत घातला. “मंग तू जा. ह्यो गठ्ठा बी ने. दाखव त्यांना, बाईंचा टीव्ही बिनलाइटीचा चालतो म्हनावं.”

मुलाखतीत मी तोच दाखवला. सरांनी विचारलं, कुणी केलं हे?

मी, म्हणालो.

आता माझ्या सत्कारात लोक म्हणतात, गरिबीनं माणूस घडवला. संताप येतो. गरिबी तिचीही तीच होती ना? तिनं तर दोघांची सोय लावली होती, एकामागून एक. मी तिची वाट बुजवली, आणि वर दोन वर्षं तिच्याच पगारावर मेसमध्ये जेवलो — पोटभर. टाळ्या वाजवणाऱ्यांची चीड येते. मान वाकवून शाल घेणाऱ्याची तर किळस.

मी ती पदवी घेतली, पहिल्या वर्गात. पुढे मी केलेली पहिली सीडी शाळाशाळांत गेली, आक्काच्याही. पडद्यावर वालाचं बी फुटतं, मान वर काढतं. खाली माझं नाव येतं.