विनापरवानगी लावलेले आकडे

पाटसजवळच्या आमच्या साखर कारखान्यात बॉयलरवर एक मामा आहेत, कवठे येमाईचे. बॉयलरमध्ये पाणी किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कंट्रोलरचा आकडा ते एका वेळी एकच बदलतात, तोही जरासाच. मग हात मागं बांधून पडद्यावरच्या पाणीपातळीच्या रेषेकडं बघत राहतात. कुणी घाई केली की म्हणतात, "थांबा वाईच. त्याला कळू तर द्या."

गेल्या हंगामात बॉयलरमधलं पाणी सारखं खालीवर व्हायला लागलं. फार उतरलं असतं तर बॉयलरच गेला असता. पुण्याहून आलेला इंजिनिअर आकडे वाढवत राहिला आणि रेषा आणखीच उसळत राहिली. तो जेवायला गेल्यावर मामांनी आकडा कमी केला, थांबले, पुन्हा कमी केला. तासाभरात रेषा सरळ झाली. मी लॅबसाठी पाण्याचा नमुना घ्यायला आलो होतो. सगळं माझ्यासमोर घडलं.

इंजिनिअरनं रिपोर्टमध्ये लिहिलं की रेषा सरळ झाली ती त्याच्याच कामामुळं, मामांनी मध्येच विनापरवानगी हात घातला. त्याला शाल-श्रीफळ मिळालं, मामांना नोटीस. माझं डोकंच फिरलं. मी मामांबरोबर नोटीस काढणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

"शिस्त म्हणून काही असतं की नाही?" साहेब म्हणाले.

मामांनी नोटिशीवर सही केली. "साहेब, माझी चूक झाली म्हन्ता, तर जुनं आकडं परत घालू का? तेवढं लिहून द्या."

साहेबांनी मान वर केली नाही. "राहू द्या आहे तसंच."

ती नोटीस मामांच्या फायलीत अजून आहे, आणि बॉयलर त्यांच्याच आकड्यांवर चालतो आहे.