ओझरची एकच शिडी आणि हिरा मॅडम

हिरा मॅडम काल दुपारी गेल्या. ओझरहून एकही विमान लेट झालं नाही.

हे मी अभिमानाने लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिरा भोये, नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर आमच्या कंपनीच्या स्टेशन इन्चार्ज. चेक-इन, सामान, व्हीलचेअर, विमानाला लावायची चाकांची शिडी, सगळं त्यांच्या हाताखाली. मी त्यांची असिस्टंट.

मूळच्या पेठ तालुक्यातल्या. घरी भात आणि नागली, पण ते वर्षभर पुरायचं नाही. म्हणून आईवडील सीझनला इकडे द्राक्षबागांत मजुरीला यायचे.
मॅडम आश्रमशाळेत शिकल्या. मग नाशिकला कॉलेज, मग मुंबई विमानतळावर नोकरी.

तिथे छान चाललं होतं. तरी त्यांनी ओझरला बदली मागून घेतली.

सगळ्यांनी वेड्यात काढलं. कारण तेव्हा ओझरला चकाचक टर्मिनल होतं, लांबलचक रनवे होता, फक्त विमानं नव्हती. सेवा सुरू व्हायची, लोक हौसेने फोटो काढायचे, मग बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये माझ्या घराशेजारच्या काकूंना प्रश्न पडायचा की ही पोरगी रोज तिथे जाऊन करते तरी काय.

खरं सांगू? आम्ही सराव करायचो.

रिकाम्या खुर्च्यांसमोर अनाउन्समेंट. रिकामी व्हीलचेअर या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही हसायचो. मॅडम हसायच्या नाहीत.

मग ती दुपार आली.

स्टेशन बंद करायचं हेड ऑफिसने जवळजवळ ठरवलं होतं. कोणाची कुठे बदली, तेही कानावर आलं होतं. आणि मुंबईचं हवामान बिघडलं. टॉवरवरून निरोप आला की एक विमान इकडे वळवलंय. थोड्या वेळाने दुसरं. मग तिसरं, चौथं.

सगळी मोठी. सगळी भरलेली.

आमच्याकडे माणसं मोजकी, आणि इतक्या मोठ्या विमानाला लागेल अशी शिडी एकच.

आधी वाटलं, तासाभरात मुंबई उघडेल. उघडली नाही. आत लहान मुलं रडायला लागली, वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपत आले. हेड ऑफिसचा फोन आला. तुमच्याकडे स्टाफ नाही, पॅसेंजर आतच बसू द्या.

मॅडम म्हणाल्या, "सर, आत माणसं आहेत, पार्सल नाहीत. परवानग्या मी मिळवते. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

मिळवल्याही. सुरक्षावाल्यांशी बोलल्या, विमान कंपन्यांशी बोलल्या, आणि पहिल्या विमानाला शिडी लावली.

निम्मे लोक उतरले असतील, तेवढ्यात तिसऱ्या विमानातून निरोप आला. एका आजोबांच्या छातीत दुखतंय.

मॅडमनी उतरणं थांबवलं. दारात एकच गोंधळ. कोणी शिव्या दिल्या, कोणी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. मॅडम शिडी चढून वर गेल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"तिकडे एका आजोबांच्या छातीत दुखतंय. शिडी ही एकच आहे. आधी कोण, ते तुम्हीच सांगा."

पुढच्या रांगेतला एक माणूस परत सीटवर बसला. मग त्याच्या मागचा. मग सगळे.

दार लावून घेतलं. ट्रॅक्टरने शिडी ओढत तिकडे नेली. आजोबांना खाली आणेपर्यंत मॅडमनी त्यांचा हात धरून ठेवला होता. ॲम्ब्युलन्स खाली उभीच होती.

मग एकेक करत चारही विमानं त्याच शिडीने रिकामी केली. हात सोलून निघाले आमचे. ओझरच्या बचत गटाच्या बायका, ज्या इथल्या विमान कारखान्यातल्या कामगारांना डबे देतात, त्या टेम्पोतून खिचडीची पातेली घेऊन आल्या.

मॅडमनी माईक घेतला. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्लिशमध्ये. नाशिकमध्ये आपलं स्वागत आहे, खिचडी गरम आहे, आधी लहान मुलांना घेऊ द्या.

त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच आवाज घुमला नाही. इतकी माणसं होती.

आजोबा वाचले. राजकोटचे रिटायर्ड मास्तर. नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी मॅडमच त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेल्या.

स्टेशन बंद करायचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. पुढे एक नवीन रूट आला, मग आणखी एक. हे सगळं त्या एका दुपारमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण हेड ऑफिसचे साहेब स्वतः येऊन ती शिडी बघून गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आज लोक मला विचारतात, दिल्लीच्या विमानात सीट मिळेल का गं? मी म्हणते, फुल आहे. आणि म्हणताना मला जो आनंद होतो ना!

मग मॅडमना कॅन्सर निघाला. किमोनंतर डोक्याला स्कार्फ बांधून यायच्या. मी रजा घ्या म्हटलं.

"घरी बसून काय बघू? इथे निदान विमानं येतात."

आज पेठला अंत्यसंस्कार झाले. ड्यूटी नसलेला सगळा स्टाफ होता. बचत गटाच्या बायका होत्या. आणि सकाळच्या अहमदाबादच्या विमानाने राजकोटचे ते आजोबा आले होते. मी काल फोन केला होता, पण ते येतील असं वाटलं नव्हतं.

मॅडमच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. हे बाबा कोण म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी आजोबांना ओट्यावर बसवून घेतलं. मग शेजारच्या बायांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"माझी हिरा इमानं उतरवायची."

मॅडम, ओझरच्या सगळ्या स्टाफकडून तुम्हाला मानाचा निरोप.

उद्या सकाळी माझी ड्यूटी आहे.