तांबडीसाठी घर बघताना

पुतळाबाईंच्या दारात कुत्र्याचं पिल्लू मागायला जाणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यापेक्षा अवघड, असं अख्खं इंदापूर म्हणायचं. आणि खोटं काय त्यात? शाळेतनं रिटायर झाल्यापासून बाईंनी एकच उद्योग धरला होता. सोलापूर रस्त्यावर ट्रकनं उडवलेली कुत्री उचलून आणायची, गुरांच्या डॉक्टरला दाखवायची आणि बरी झाली की चांगलं घर बघून द्यायची. घर बघून म्हणजे खरोखर बघून! बाई स्वतः जायच्या, ओट्यावर बसायच्या, पाणी प्यायच्या आणि वर्गात उभं करून विचारावं तसं विचारायच्या, "दुपारच्या उन्हात ही कुठं झोपणार? पाणी कोण ठेवणार? आन् नकोशी झाली तर काय करणार?" शेवटच्या प्रश्नाला जो अडखळला, त्यानं सरळ वाटेला लागायचं. बाईंनी यात सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं.

एक नियम मात्र त्यांनी कुणाचं घर न बघताच करून टाकला होता. ऊसतोडवाल्यांना कुत्रं द्यायचं न्हाय! त्यालाही कारण होतं. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला, बीडकडची एक टोळी ट्रकात बसून गावी गेली आणि रानात, त्यांच्या मोडलेल्या कोपीसमोर, उसाच्या पाचटाच्या झोपडीसमोर, एक कुत्रं ट्रक गेला त्या वाटेकडं तोंड करून बसलेलं बाईंना दिसलं. पुढ्यात भाकरी टाकली तरी त्यानं मान वळवली नाही. ते जगलं नाही. बाईंनी त्या टोळीला, मुकादमाला, सगळ्यांना लाखोली वाहिली आणि घरी येऊन ढसाढसा रडल्या.

पुढच्या हंगामात तांबडी आली. तिला घेऊन आली तीही ऊसतोडवालीच, दगडाबाई. रस्त्याकडेला तंगडी मोडून पडलेली कुत्री तिनं पोत्यात गुंडाळून आणली होती. मग रोज तोडीवरनं परतताना दगडाबाई वाट वाकडी करून यायची आणि पदराखालनं भाकरीचा तुकडा काढायची. तिची चाहूल लागली की तांबडीचं शेपूट जमिनीवर आपटायला लागायचं.

तांबडी लंगडत का होईना चालायला लागली, तेव्हा दगडाबाई म्हणाली, "बाई, मला द्या की हिला."

"न्हाय."

"का वं?"

"जाताना टाकून जाता तुमी."

दगडाबाईचं तोंड एवढंसं झालं. "समदीच टाकत्यात व्हय?" एवढं बोलून ती निघून गेली.

बाईंनी तांबडी दिली संभाजीरावांना. ऊसबागायतदार माणूस, दारात चिंचेची सावली, पाण्याचा हौद, बोलायला गोड. तिन्ही प्रश्नांत पास! पण आठवडा सरायच्या आत तांबडी नजर चुकवून निघाली ती थेट दगडाबाईच्या कोपीवर. परत आणली, परत पळाली. शेवटी संभाजीरावच बाईंकडं आले.

"बाई, हिचं मन हितं लागत न्हाय. बांधून घालू म्हणलं तर तुमीच नको म्हणालाव. आता तुमीच सांगा, काय करू?"

हंगाम संपत आला होता. टोळी जाणार, आणि तांबडीही त्याच वाटेकडं तोंड करून बसणार. अन् या खेपेला तिला तिथं बसवणाऱ्या कोण? तर खुद्द पुतळाबाई! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्या तडक कोपीवर गेल्या.

"दगडाबाई, तुझं घर बघायचंय मला."

"हे काय, बघा की."

"हे न्हाय. गावाकडचं."

"आवो बाई, लई लांब हाय ते!"

"असू दे. संभाजीरावाचं घर मी बघितलं आन् तुझं न बघताच नको म्हणाले. चुकलं माझं."

टोळी निघाली तेव्हा ट्रकात ड्रायव्हरशेजारी गुडघे चोळत बाई बसल्या होत्या आणि मागं भांड्याकुंड्यांत, दगडाबाईच्या मांडीवर, तांबडी. मुकादम हसत होता. हसेना का!

घर पत्र्याचंच, पण दारात लिंबाची गार सावली. ट्रकाचा आवाज ऐकून दगडाबाईची सासू, म्हातारी झुंबराबाई, काठी टेकत बाहेर आली. तिच्यामागनं एक म्हातारं कुत्रं आलं, डोळ्यांनी अधू. ऊसतोडीचे चार-सहा महिने ते म्हातारीच्याच सोबतीला राहायचं.

पाणी पिऊन बाईंनी घसा साफ केला. झोपणार कुठं, पाणी कोण ठेवणार, सगळं विचारून झालं. मग आला शेवटचा प्रश्न, "आन् नकोशी झाली तर काय कराल?"

म्हातारीनं बाईंकडं निरखून बघितलं.

"मास्तरीणबाई, कोयता झेपंना तवापासनं दरसाली मलाबी हितं ठिवून जात्यात. या आंधळ्याला आन् मला. पर येत्यात की माघारी. आमाला नकोसं कोन म्हनलंय?"

डोळ्याला पदर लावून बाईंनी तांबडीचा दोर म्हातारीच्या हातात दिला. तांबडीनं त्या आंधळ्या कुत्र्याला हुंगलं, लिंबाखाली एक जागा बघितली आणि अंग टाकलं.

"पास," पुतळाबाई म्हणाल्या.